महापरसादाचं दुखणं

ह्या पानावरचे अनुभव मी रोज दुपारी वाचते, भांडीकुंडी आटोपली की. आणि राग मानू नका, पण पुष्कळदा हसायची मी. पिंपळाखालची बाई, पांढऱ्या लुगड्यातली बाई, रस्त्यात गाडी थांबवणारी बाई... म्हटलं, मेल्यावर हिंडायचं कामही बायांनाच? पुरुष काय तिकडेही खाटेवर पडून राहतात? आमच्या कारध्याला मसणघाट नदीच्याच अंगाला. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या वाटेने धुणं नेलं, गोवऱ्या आणल्या, आणि माझ्या मालकांना पोचवलं तेही त्याच वाटेने. मला कधी कोणी दिसलं नाही, कोणी हाक मारली नाही. अंगात येणाऱ्या बाईलासुद्धा मी तोंडावर विचारायची, "काय वो, देव अंगात असल्यावर चहा कोण पिते? देव का तू?" असली मी.

तेव्हा माझ्या लिहिण्यात भूत नाही, हे आधीच सांगून टाकते. भूत असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. भुताला निदान काही विचारता येतं.

मी शाळा शिकले चौथीपर्यंत. पुढचं वाचणं पुड्यांच्या कागदांवर आणि पोराच्या पुस्तकांवर झालं, नि फोनवर टायपणं सुनेने शिकवलं. ज्योती माझी सून. ऱ्हस्व-दीर्घ तिने बघून दिलं आहे, पण बोलणं जसं झालं तसंच राहू दे म्हटलं. पोरगा प्रशांत राइस मिलमध्ये कामाला आहे, दिवसभर तिकडेच. घरात आम्ही दोघी सासू-सुना. नदीच्या पलीकडे भंडारा, अलीकडे आम्ही.

तर ह्या उन्हाळ्यात शेजारच्या लग्नात मी वडे खाल्ले आणि उजव्या बरगडीखाली अशी कळ उठली की मांडवातच लोळले. कळ पाठीत गेली, पाठीतून खांद्यात. उलट्या. ऑटोत घालून भंडाऱ्याला नेलं, सोनोग्राफी केली, पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. पिशवीच काढावी लागते म्हणाले. काढली. दुर्बिणीचं ऑपरेशन, पोटावर लहान लहान छेद. खडे एका डबीत घालून डॉक्टरांनी प्रशांतला दाखवले, तुरीच्या डाळीसारखे होते म्हणे. मी पाहिले नाहीत. आपल्या पोटातला कचरा कायले पाहायचा!

घरी आले आणि दोन-तीन दिवसांत उजवा खांदा असा धरला की मला वाटलं, आता हृदयच गेलं. ज्योती रडायला लागली. प्रशांत फोन उचलेना. तेव्हा तिने फोनवर शोधून शोधून एक ग्रुप काढला... सगळे पित्ताची पिशवी काढलेले लोक. नाव काय, तर "पित्त गेलं, आम्ही आहो". ज्योतीने तिथे माझं दुखणं लिहिलं आणि लगेच वर्ध्याच्या वंदनाताईंचा आवाज आला. त्या ग्रुपच्या अॅडमिन.

"काकू, घाबरू नका. ऑपरेशनला पोट फुगवायला गॅस भरतात नं, तो वर खांद्यात चढतो. सगळ्यांना होते. उठा आणि अंगणात फेऱ्या मारा. डॉक्टरांनाही फोन लावा, पण आधी उठा."

उठले. ज्योतीचा हात धरून अंगणात फिरले. संध्याकाळपर्यंत खांदा मोकळा झाला. डॉक्टरही तेच म्हणाले.

त्या दिवसापासून मी त्या ग्रुपची झाले. रोज सकाळी तिथे हजेरी असायची. प्रत्येकाने आपल्या आवाजात सांगायचं... झोप लागली का, काय खाल्लं, पोट साफ झालं का. इतक्या मोकळेपणाने पोट साफ झालं का विचारणारी माणसं मला जन्मात भेटली नव्हती. कोणी अमरावतीचं, कोणी चंद्रपूरचं, एक मास्तर नाशिकचे. मी तांदळाची पेज पिऊन कंटाळले की वंदनाताई म्हणायच्या, "काकू, पेजेत जिऱ्याची पूड टाका नि डोळे मिटून मटण समजून प्या." हसताना टाके दुखायचे. पण हसायची. मालक गेल्यावर घरात इतकी हसले नव्हते.

मग एका सकाळी हजेरीत नवा आवाज आला. बसका, मागे कोंबड्यांचा गलका.

"राम राम. मी बपेऱ्याची हाव. मले खडे हायेत पण मी काई कापू देणार नाही. पोरीनं जबरीनं ह्या ग्रुपात टाकलं."

वंदनाताई म्हणाल्या, "ताई, इथे सगळे कापलेलेच आहेत."

"मंग मी एकटीच अक्खी!"

अख्खा ग्रुप हसला. मीही हसले. मला तो आवाज आमच्या घरचाच वाटला. बपेरा म्हणजे तुमसरच्याही पुढे, मध्य प्रदेशाच्या हद्दीला लागून. जिल्हा एकच. ती बोलायची तसं माझी आई बोलायची. माझं माहेर त्याच पट्ट्यातलं.

आम्ही दोघी वेगळं बोलू लागलो. ती रोवण्याच्या बायांची म्होरकी होती, म्हणजे धानाची रोपं लावायला टोळी घेऊन जाणारी. आज ह्याची बांधी, म्हणजे धानाचं शेत, उद्या त्याची. कळ आली की ती बांधावर बसायची, गावातल्या बुढीकडून बेंबी सरकली म्हणून पोटावर दिवा नि तांब्या लावून घ्यायची, आणि पुन्हा चिखलात उतरायची.

"तांब्यानं खडा निघते काय वो?" मी विचारलं.

"खडा नाही निघत, पण बुढीच्या हातचा चहा भेटते," ती म्हणे.

एकदा ती म्हणाली, "बाई, आपण महापरसाद बसू."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या ह्या पट्ट्यात, बालाघाटच्या बाजूला तर जास्तच, दोन बाया किंवा दोन माणसं देवाचा प्रसाद एकमेकांना भरवून नातं जोडतात. मग ते सख्ख्यापेक्षा मोठं. एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, "महापरसाद" म्हणूनच हाक मारायची. सुखदुःखात वाटेकरी, आणि एक गेला तर दुसऱ्याने सुतक पाळायचं. माझ्या आईची अशी महापरसाद होती, तिच्या पोरांना आम्ही मावशीची पोरं म्हणायचो. आता कोणी करत नाही.

आम्ही केलं. मी टाक्यांमुळे प्रवास करू शकत नव्हते, तिचा पऱ्हे टाकायचा, म्हणजे रोपांसाठी धान पेरायचा, हंगाम. म्हणून व्हिडिओ कॉलवर केलं. इकडे माझ्यासमोर देवापुढचा नारळ, तिकडे तिच्यासमोर. इकडे ज्योतीने तिच्या नावाने माझ्या तोंडात खोबरं घातलं, तिकडे तिची मुलगी पुष्पा हिने माझ्या नावाने तिच्या. साक्षीला ग्रुपवाले. वंदनाताई म्हणतात कशा, "खोबरं एवढंसंच हं काकू, तेल असते त्यात!"

म्हणून मी तिचं नाव इथे लिहीत नाही.

तोपर्यंत मी बरी होत आले होते, हे नीट लक्षात घ्या. टाके सुकले होते. वरण-भात पचत होता. पुलापर्यंत चालून येत होते. आणि महापरसाद बसल्यावर थोड्याच दिवसांत, सकाळी तांदूळ निवडत असताना, उजव्या बरगडीखाली कळ आली.

तीच कळ. बरगडीतून पाठीत, पाठीतून खांद्यात. सूप हातातून पडलं.

डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफी केली, रक्त तपासलं. सगळं साफ. म्हणाले, "मावशी, आत दुखायला काही उरलंच नाही."

"मंग हे काय दुखून राहिलं?"

"होते कधी कधी. जाईल."

गेली नाही. एक दिवसाआड, कधी रोज. येताना सांगून येत नव्हती, जाताना अंगातला जीव घेऊन जात होती. प्रशांतने नागपूरला नेलं. तिथे मोठ्या डॉक्टरांनी मशीनमध्ये घातलं आणि बाहेर येऊन माझ्याशी नाही, प्रशांतशी बोलले. मी ऐकलं... "वय झालं, एकट्या असतात, मन घेतं." गोळ्या दिल्या झोपेच्या. त्या खाऊन मी दिवसाही झोपायची, आणि झोपेतही कळ यायची.

घरात आवाज बदलले. प्रशांत वाईट नाही, पण एक दिवस तो ज्योतीला म्हणाला, "आईले लक्ष पाहिजे सगळ्यांचं, दुसरं काही नाही." मी पलीकडच्या खोलीतच होते. माती आणि कुडाच्या भिंतीतून ऐकू येतं हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. ज्योतीच्या आईने कोणा बाबाचा पत्ता आणला. मी म्हटलं, बाबा नको. मी त्या गोष्टी मानत नाही.

आणि मग मी खाणं सोडलं. ठरवून नाही, पण घास हातात घेतला की वाटायचं, हा गेला की कळ येईल. केस विंचरणं सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडायची. ज्या ठिकाणी काही नाही तिथे जर दुखतं, तर हे दुखणं काढायचं कुठून? पिशवी असती तर कापली असती. माणसाला दुखण्याचं इतकं वाटत नाही हो, पण त्याला जागा नसली की माणूस वेडा होतो. प्रशांतला मी एकदा सांगूनही टाकलं, "मले नदीवर पोचवून दे ना रे बापू. तुही मोकळा, मीही." तो रडला. मला त्याचंही काही वाटलं नाही, इतकी मी आत गेले होते.

ग्रुप तेवढा धरून होता. हजेरीला मी गप्प राहिले की वंदनाताई ज्योतीच्या फोनवर फोन करायच्या. "काकूंना फोन दे. बोलू नका काकू, फक्त श्वास घ्या, आम्ही ऐकतो." नाशिकचे मास्तर रोज सकाळी माझ्यासाठी अभंग म्हणून पाठवायचे, अगदी बेसूर. महापरसाद म्हणायची, "मास्तरले सांग, अभंग ऐकून दुखणं पळते, पर मागं फिरून पाहते!"

ती मला हसवायला फोन करायची, पण तिच्या बोलण्याला मधेच धाप लागायची.

जे कळलं ते वंदनाताईंमुळे. त्या हजेरीचे जुने आवाज ऐकत होत्या आणि दोघींना एकदमच म्हणाल्या, थट्टेने, "तुम्ही काय एकच दुखणं वाटून घेतलं का हो? काकू म्हणतात आज सकाळी फार होतं, त्याच सकाळी ह्या म्हणतात बांधावर बसली होती. मागच्या वेळी तसंच. त्याच्या मागच्या वेळीही."

महापरसाद हसली. मी नाही हसले.

त्यानंतर कळ आली की मी, पडल्या पडल्या, आधी फोन लावायची. पहिल्यांदा पुष्पाने उचलला.

"मावशी, तुम्हाले कोणं सांगतलं? आई आत्ताच बांधीत खाली बसली, दोघी बाया धरून आणून राहिल्या."

"मले कोणी नाही सांगतलं पोरी."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा महापरसाद स्वतःच बोलली.

"दुखते काय महापरसाद?"

"नाही वो. टकाटक हाव. भाजी निसून राहिली."

"खोटं नोको बोलू. माह्या फासळीखाली आग लागली हाय."

कोंबड्या तेवढ्या ऐकू येत होत्या. मग हळूच म्हणाली, "तुले बी होते काय? खरंच?"

"होते."

"माय माय... मंग मी काय करू?"

"ऑपरेशन कर! दुसरं काय करशील?"

तिला ऑपरेशनची भीती होती, आणि रोवण्याची ओढ. म्होरकी गेली तर टोळी मोडते, बाया दुसऱ्या टोळीला जातात, शेतकरी दुसरी टोळी सांगतो, पुढच्या वर्षी कोणी विचारत नाही. बत्तीस खटपटी. मी भांडले तिच्याशी. "तुह्यासाठी नको, माह्यासाठी कर. मी मरून राहिली हो इकडे." महापरसादाने मागितलं तर नाही म्हणता येत नाही, हे तिलाही माहीत होतं. मी मुद्दाम तो शब्द वापरून मागितलं. ती म्हणाली, "बरं. शेवटची बांधी झाली की येतो. तुह्याच घरी येऊन पडतो, पेज तुले करावी लागंल."

शुक्रवारची बस ठरली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांकडे प्रशांतने नंबर लावला. त्याला मी खरं कारण सांगितलं नाही, मैत्रीण येते म्हटलं. आणि मला काय झालं म्हणून सांगू... मी उठले. केस विंचरले. खाट उन्हात टाकून झटकली, जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी काढली. पेजेचे तांदूळ वेगळे काढून ठेवले. आम्ही एकमेकींना अजून पाहिलं नव्हतं, म्हणजे फोनच्या काचेत पाहिलं होतं, पण अंगाला हात लावून नाही. ज्योती म्हणे, "आई, नवरी येऊन राहिली काय घरात?"

बुधवारी सकाळपासून कळ आली. आधीच्या सगळ्या कळा एकीकडे आणि ही एकीकडे. पोट लाकडासारखं झालं. अंगाला थंडी वाजून राहिली. मी फोन लावला, कोणी उचलेना. पुन्हा लावला. पुष्पाचा लावला, लागेना, रेंजच नाही. ग्रुपवर सांगितलं, कोणी बपेऱ्याकडचं आहे का, कोणाच्या ओळखीचं आहे का. वंदनाताईंनी इकडे तिकडे फोन फिरवले. शेवटची बांधी होती, सगळं गाव शेतात होतं. ज्योती मला डॉक्टरकडे चला म्हणत होती. मी म्हणत होते, "मले नको नेऊ, तिले न्या!" तिला वाटलं मला वात झाला.

आणि जेवणाच्या वेळेला कळ थांबली.

ओसरली नाही... थांबली. नळ बंद करावा तशी. मी खाटेवर उठून बसले. दाबून पाहिलं, काही नाही. पाठ मोकळी, खांदा मोकळा. उन्हाळ्यापासून इतकं हलकं वाटलं नव्हतं. मी रडले, आणि ते रडणं आनंदाचं होतं, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? मला वाटलं, नेलं तिला. कोणीतरी दवाखान्यात नेलं, सुई दिली, तिची कळ गेली म्हणून माझी गेली. हिशेब सरळ वाटला मला.

मी ग्रुपवर आवाज पाठवला, "बायांनो, कळ गेली माझी! तिचीबी गेली असंल!" किती फुलं, किती टाळ्या. मास्तरांनी अभंग पाठवला. मी ज्योतीला म्हटलं, आज गोड कर. तिने खीर केली आणि सुवाऱ्या तळल्या, आमच्याकडे पुरीला सुवारी म्हणतात. ऑपरेशननंतर तळलेलं मी पहिल्यांदा खाल्लं. पोटभर खाल्लं. शेजारी वाट्या पाठवल्या. दोन सुवाऱ्या मी झाकून ठेवल्या, म्हटलं शुक्रवारी तिला चिडवीन, बघ तुझ्यावाचून खाल्ल्या.

दिवेलागणीला पुष्पाचा फोन आला.

बांधीत पडली होती सकाळीच. ट्रॅक्टरवर घालून तुमसरला नेत होते. वाटेतच... पिशवी फुटली होती, असं नंतर डॉक्टर म्हणाले. मी पुष्पाला विचारलं, केव्हा? विचारायला नको होतं. तिने सांगितलं, "जेवणाची वेळ झाली होती मावशी."

माझ्या हाताला खिरीचा वास येत होता.

महापरसाद गेली तर सुतक असतं. सुतकात चुलीवर तळण चढत नाही, गोड होत नाही. आणि मी तिच्या सुतकात सुवाऱ्या खाल्ल्या, शेजाऱ्यांना वाटल्या, तिचा देह ट्रॅक्टरवर असताना. प्रशांत म्हणाला, "आई, तुले काय माहीत होतं?" गावातले मोठे म्हणाले, फोनवर बसलेला महापरसाद, त्याचं कसलं सुतक! मी पाळलं. दहा दिवस खाली झोपले. ज्योतीने न बोलता माझ्याबरोबर पाळलं, तिला देवाने सुखी ठेवावं.

तेरवीला प्रशांत मला बपेऱ्याला घेऊन गेला. घर पाहिलं तिचं. अंगणात त्याच कोंबड्या. रोवण्याच्या टोळीतल्या बाया ओळीने बसल्या होत्या, मला पाहून त्यातली एक म्हणाली, "हेच काय महापरसाद?" आणि सगळ्या उठून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या ओळीतच खाली बसले.

पुष्पाने मला आत नेलं आणि जे सांगितलं ते मी आजवर ग्रुपवरही सांगितलेलं नाही. म्हणाली, "मावशी, ते दुपारी तुम्ही बोलल्या ना, का तुम्हाले बी होते... तवापासून आई ओरडेच नाही. कळ आली का पदर तोंडात कोंबे. मी म्हणो, आई, ओरड वो, मोकळी होशील. तर म्हणे, मी ओरडली तर तिकडं तिले जास्त होईल. बुधवारीबी बाया म्हणतात, आवाजच नाही काढला. म्हणून कोणाले समजलं नाही किती झालं ते."

पाणी दिलं ते प्याले. तिच्या फोटोपुढे बसले. हात लावायचा होता, तो फोटोच्या काचेला लावला.

वंदनाताईंच्या भाच्याने, तो डॉक्टरकी शिकतो, मला समजावलं. काढलेल्या अवयवाची जागा दुखल्यासारखी वाटते, पाय कापलेल्या माणसाचा पाय दुखतो तसं. बरोबर असेल. वेळा जुळल्या तो योगायोग, आम्ही दोघी एकमेकींचं ऐकून मनाला लावून घेत होतो. तेही बरोबर असेल. मग ती टकाटक हाव म्हणाली त्या दिवशी मला कसं कळलं, आणि त्या बुधवारी कोणी काही सांगायच्या आधी माझं का थांबलं, हे त्याला विचारलं. तो चांगला पोरगा आहे. म्हणाला, "काकू, ते मला माहीत नाही."

आता मी बरी आहे. त्या दिवसापासून एकदाही दुखलं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी प्रशांतला सांगितलं, बघा, मनाचंच होतं. वजन भरलं. रोज हजेरीला मी सांगते, झोप लागली, पोट साफ, दुखणं नाही, आणि सगळे टाळ्या पाठवतात. मी फोन उलटा करून ठेवते. एकटी असले की बरगडीखाली बोटं खुपसून पाहते, जोरात. काही नाही. भाकरीच्या पिठासारखं मऊ.

तुमच्यात कोणी जाणतं असेल तर मला बाकीचं काही सांगू नका. कसं झालं, का झालं, ते राहू द्या. एवढंच सांगा... माझ्याकडे जेवढं येत होतं, तेवढं तिचं कमी होत होतं का? वाटेकरी होते ना मी. थोडं तरी कमी झालं असेल का तिचं? का तिला तिचं सगळंच्या सगळं भोगावं लागलं, आणि माझं त्यावर वेगळंच होतं, कोणाच्या काही कामाचं नसलेलं?

पुष्पाला मी हे विचारलं होतं. ती म्हणाली, "मावशी, आई बोललीच नाही ना काई."